गुरुत्वाला दुबळे म्हणण्यापूर्वी

चार मूलभूत बलांचा तक्ता वाचकांना पाठ आहे, तो पुन्हा मांडत नाही. तीव्र आणि क्षीण बलांचा अंमल अणुकेंद्रकापुरता. त्यांच्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे. माझे भांडण तक्त्याच्या शेवटच्या ओळीशी आहे. गुरुत्वाकर्षण ‘सर्वांत दुबळे’ असे ठोकून द्यायचे आणि लगेच कृष्णविवरांकडे वळायचे, ही आपल्या काही विज्ञानलेखकांची सवय मला कधीच पटली नाही.

दोन प्रोटॉन एकमेकांना ज्या विद्युतबलाने दूर लोटतात, ते त्यांच्यातल्या गुरुत्वाच्या एकावर छत्तीस शून्ये इतके पट आहे. कबूल. पण इलेक्ट्रॉन घेतले की तीच शून्ये बेचाळीस होतात. आणि इलेक्ट्रॉनइतकाच विद्युतभार असलेले सुमारे १.९ मायक्रोग्रॅमचे दोन कण घेतले, तर दोन्ही बले बरोबरीत सुटतात! मग दुबळे कोण? प्रोटॉन विलक्षण हलका आहे, एवढेच त्या आकड्यातून कळते. शिवाय धन-ऋण भार एकमेकांना खोडतात, वस्तुमानाची मात्र नुसती बेरीजच होते. म्हणून ग्रहताऱ्यांवर राज्य गुरुत्वाचे.

हे बल खोलीत पकडणे हाच माझ्या आवडीचा भाग. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने सहा फुटी लाकडी दांडा तारेने टांगला, टोकांना शिशाचे छोटे गोळे लावले आणि त्यांच्याजवळ प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे गोळे आणले. माणसाच्या अंगच्या उबेनेही हवा हलते, म्हणून तो खोलीबाहेर थांबून भिंतीतून दुर्बिणीने दांड्याचे टोक पाहत असे. त्याने काढलेली पृथ्वीची घनता आजच्या किमतीच्या एक-दीड टक्क्याच्या आत आहे.

१९८६ मध्ये ‘पाचव्या बला’ची बातमी आली, तेव्हा आमच्या विज्ञान मंडळात केवढे वाद झडले! त्याचा शोध टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रामनाथ कौशिक आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकात गौरीबिदनूरच्या भुयारी प्रयोगशाळेत घेतला, तोही कॅव्हेंडिशसारख्या तारेने टांगलेल्या दांड्याने, म्हणजे टॉर्शन बॅलन्सनेच. बल सापडले नाही. ‘नाही’ हे उत्तर इतक्या काटेकोरपणे देणे ही मोठीच कामगिरी होती. आज व्याख्यानांना गर्दी होते ती समांतर विश्वांच्या. तार टांगून महिनोन्‌महिने वाट पाहणारा विद्यार्थी दुर्मीळ झाला आहे. आणि गुरुत्व स्थिरांक तर अजूनही दहा लाखांत बावीस भागांइतका अनिश्चित आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लायगोत चाळीस किलोचे आरसे केसांसारख्या बारीक काचतंतूंवर टांगावे लागतात. त्यासाठी सरावलेले हात हवेत. आपल्या विद्यापीठांनी पदव्युत्तर प्रयोगशाळेत एक तरी टॉर्शन बॅलन्स टांगावा, आणि तो याच वर्षी टांगावा.