रिटर्न भरून देणारे बिनपगारी हात

अमेरिकेत एखादी बाई हॉटेलातल्या खोल्या साफ करते, दोन लहान मुलांना एकटीने वाढवते आणि 2024 या वर्षात तिची कमाई 20,000 डॉलर झाली, असे धरू. तिला केंद्र सरकारचा प्राप्तिकर किती बसेल? शून्य. एकटीने घर चालवणाऱ्या व्यक्तीला त्या वर्षी 21,900 डॉलरची प्रमाणित वजावट होती, त्यामुळे करपात्र असे काही उरतच नाही. रिटर्न भरण्याची सक्तीही तिच्यावर नाही. पण तिने तो भरला, तर सरकारच तिला पैसे देते. अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटचे 6,960 डॉलर आणि मुलांसाठीच्या क्रेडिटचे 2,625 डॉलर, मिळून 9,585. पगारातून वर्षभरात काही कर कापला गेला असेल, तर तो वेगळा परत. जवळजवळ पावणेसहा महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम तिला एका फॉर्मवर मिळते. तो फॉर्म बिनचूक भरणे मात्र भल्याभल्यांना जमत नाही.

तो फुकटात भरून देणारी स्वयंसेवकांची फौज त्या देशात गेली पन्नासहून अधिक वर्षे काम करते आहे. व्हॉलंटिअर इन्कम टॅक्स असिस्टन्स हे तिचे पूर्ण नाव, पण सगळे तिला व्हिटा म्हणतात. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कॉमर्सचे विद्यार्थी, घर सांभाळून आठवड्याची एक संध्याकाळ देणारी माणसे, असा तिचा भरणा. कोरोनाच्या आधीच्या हंगामांत व्हिटा आणि तिची ज्येष्ठांसाठीची जोडयोजना मिळून सुमारे 80,000 स्वयंसेवक वर्षाला 30 लाखांहून अधिक रिटर्न भरून देत होते.

गरिबाला द्यायची मदत करखात्यातून का द्यावी, हा प्रश्न आपल्याला पडतो. त्याचे उत्तर 1975 मध्ये आहे. लुईझियानाचे सिनेटर रसेल लाँग सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष होते. काम न करणाऱ्यालाही किमान उत्पन्नाची हमी द्यावी, ही त्या काळी चर्चेत असलेली कल्पना त्यांना मुळीच पसंत नव्हती. राबणाऱ्याच्या मजुरीवर सरकारने थोडी भर घालावी, असे त्यांचे म्हणणे. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या त्या वर्षीच्या करकपात कायद्यात ही भर आली. पहिल्या 4,000 डॉलर कमाईवर 10 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 400 डॉलर, आणि तीही तात्पुरती. 1978 मध्ये ती कायम झाली. 1986, 1990 आणि 1993 मध्ये वाढत वाढत आज ती अमेरिकेतल्या गरिबीविरोधी मोठ्या योजनांपैकी एक आहे. या अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटचा आलेख काढला तर तो सह्याद्रीतल्या सपाट माथ्याच्या डोंगरासारखा दिसतो. कमाई वाढते तशी रक्कम चढत जाते, मग काही अंतर पठार, मग हळूहळू उतार. दोन मुले असतील तर 2024 च्या हिशेबाने ही चढण कमाईच्या 40 टक्क्यांची आहे आणि 17,400 डॉलरला पठार लागते.

लाँग यांच्या कल्पनेची दुसरी बाजू त्या वेळी फारशी कुणी बोलून दाखवली नसावी. मदत देणाऱ्या कचेरीत अर्जदाराला प्रश्न विचारून कागद तपासणारा एक कारकून असतो. इथे तो गेला, आणि त्याचे सगळे काम अर्जदाराच्याच माथी आले. नियम तर पूर्वीइतकेच किचकट, कदाचित जास्तच. करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, स्वतःच्या अंदाजानुसार पात्र माणसांपैकी पाचात एक हे क्रेडिट मागतच नाही.

या रिकाम्या जागेत दुकाने उभी राहिली. जानेवारी उजाडला की गरीब वस्त्यांतून रिटर्न भरून देणाऱ्यांच्या पाट्या लागतात. फी आधी द्यावी लागत नाही, ती येणाऱ्या रिफंडातूनच कापून घेतात, त्यामुळे ती किती हे गिऱ्हाइकाला धड कळतही नाही. येणाऱ्या रिफंडावर भरमसाट खर्चाचे अल्पमुदतीचे कर्ज देण्याचा धंदाही बराच काळ जोरात होता. बँकांनी 2012 च्या सुमारास त्यातून अंग काढले. मोजकी राज्ये सोडली, तर पैसे घेऊन दुसऱ्याचा रिटर्न भरायला परीक्षा किंवा परवाना लागत नाही. आयआरएसने परीक्षेची अट घालून पाहिली, पण कायद्याने तुम्हाला तो अधिकारच नाही, असे अपील न्यायालयाने 2014 मध्ये ठणकावले. त्याच वर्षी सरकारी लेखापरीक्षण संस्थेची माणसे गिऱ्हाईक बनून 19 दुकानांत गेली. 17 ठिकाणी रिफंडाचा आकडा चुकला, कुठे 52 डॉलर कमी तर कुठे 3,718 डॉलर जास्त. जास्तीच्या आकड्याने खूश होण्यात अर्थ नसतो, कारण चुकीची वसुली दुकानदाराकडून होत नाही, ती रिटर्नवर सही करणाऱ्याच्या मानेवर येते. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष केल्याचे ठरले तर दोन वर्षे आणि लबाडी सिद्ध झाली तर दहा वर्षे हे क्रेडिट बंद.

दुकानात पैसे घेणाऱ्याला परीक्षा नाही, पण फुकट काम करणाऱ्याला आहे. व्हिटाची ही गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते.

1969 च्या मोठ्या करसुधारणा कायद्याच्या सुमारास या उपक्रमाचे मूळ सापडते. ज्येष्ठांसाठीच्या सेवेची सुरुवात त्याआधी एक वर्ष झाली होती. एएआरपी या निवृत्तांच्या संघटनेने 1968 मध्ये चार स्वयंसेवकांना घेऊन ती सुरू केली आणि पुढे 1978 च्या कायद्याने साठीच्या पुढच्यांसाठी स्वतंत्र सरकारी योजना केली. केंद्रे भरतात ती ग्रंथालयांत, चर्चच्या तळघरांत, कॉलेजच्या वर्गांत, लष्करी तळांवर. फेब्रुवारीपासून 15 एप्रिलपर्यंत तिथे रांगा असतात. 2025 च्या हंगामात साधारण 67,000 डॉलरपर्यंत उत्पन्न असलेले लोक येऊ शकत होते. शिवाय अपंग व्यक्ती आणि इंग्रजी कच्चे असलेले लोक.

स्वयंसेवकाची पहिली परीक्षा आचारसंहितेची. कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, देणगी मागायची नाही, स्वतःच्या धंद्याची जाहिरात करायची नाही, जाणूनबुजून खोटा आकडा लिहायचा नाही. दाराशी बसून नावे लिहून घेणाऱ्याला आणि दुभाष्यालाही ती द्यावी लागते. ज्याला प्रत्यक्ष रिटर्न भरायचा आहे, त्याला त्यापुढे करकायद्याची परीक्षा. आधी प्राथमिक, मग प्रगत, उत्तीर्ण व्हायला 80 टक्के गुण, आणि दर वर्षी नव्याने, कारण कायदा दर वर्षी थोडा हलतो. पुस्तक उघडे ठेवून ती देता येते. यात काही लबाडी नाही. 4012 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत नेमके पान शोधता येणे, हेच तर तिथले कौशल्य. पाठांतरावर विसंबणारा स्वयंसेवक केंद्रचालकाला नकोच असतो.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते संगणकापासून दूर, गप्पांनी. समोरच्याने 13614-सी नावाचा प्रश्नांचा कागद भरून आणलेला असतो. तो घेऊन स्वयंसेवक एकेक उत्तर पुन्हा तोंडी विचारतो. प्रश्न सोपे दिसतात, पण बहुतेक चुका तिथेच होतात. ‘मुले तुमच्याबरोबर राहतात का?’ याला ‘हो’ म्हणून भागत नाही. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस राहिली का? आजी, आई आणि मावशी एका घरात राहत असतील, तर मुलाचे क्रेडिट कुणी मागायचे? आई आणि वेगळा राहणारा बाप दोघांनीही मागितले, तर मूल ज्याच्याकडे जास्त दिवस राहिले त्याचे. दिवस अगदी सारखे भरले, तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याचे. नवरा सोडून गेला आहे पण घटस्फोट झालेला नाही, अशा बाईला एकटी कर्ती मानायचे का? वर्षाचे शेवटचे सहा महिने तो घरात नव्हता, घराचा निम्म्याहून जास्त खर्च तिने उचलला आणि मूल तिच्याचकडे राहिले, तर मानता येते. असले प्रश्न अनोळखी माणसाला विचारायला जीभ जड होते. चांगला स्वयंसेवक ते कागदावर नजर ठेवून, आवाज न चढवता आणि कसलाही शेरा न मारता विचारतो. हे कुठल्या परीक्षेत येत नाही.

रिटर्न तयार झाला की दुसरा प्रमाणित स्वयंसेवक करदात्याला समोर बसवूनच मूळ कागदांशी तो पडताळतो. या दुसऱ्या नजरेला इतिहास आहे. सन 2000 नंतरच्या पहिल्या दशकात अर्थखात्याच्या तपासनिसांची माणसे या केंद्रांतही वेश पालटून गेली होती, आणि तिथल्याही चुका चव्हाट्यावर आल्या. त्यानंतर मुलाखतीचा कागद आणि पडताळणी यांवरचा भर वाढत गेला आणि अचूकता सुधारली. सरकारी अनुदानाची सोय 2007 मध्ये झाली आणि 2019 च्या कायद्याने ती पक्की झाली.

झेपणार नाही ते काम केंद्रे घेत नाहीत. तोट्यातला धंदा किंवा गुंतागुंतीची शेअरविक्री घेऊन आलेल्याला नम्रपणे परत पाठवतात. टॅक्सीच्या अ‍ॅपवर गाडी चालवणारे मात्र हल्ली हमखास येतात. त्यांच्या कमाईतून कुणी कर कापलेला नसतो, आणि निव्वळ नफा 400 डॉलरला पोहोचला की 15.3 टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागू होतो. रिफंडाच्या आशेने आलेल्या माणसाला उलट देणे निघाल्याचे सांगणे, हेही स्वयंसेवकाच्याच वाट्याचे काम. गाडी किती मैल चालली याची वही त्याने ठेवली असेल, तर देणे बरेच उतरते. 2024 साठी मैलामागे 67 सेंट खर्च धरता येत होता.

पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला गेलेल्या मुलामुलींना व्हिटाची ओळख होते ती विद्यापीठातल्या केंद्रांवर. एफ-1 व्हिसावरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच वर्षे करासाठी ‘अनिवासी’ असतो. एक पैसा कमावला नसला, तरी त्याला 8843 हा फॉर्म पाठवावा लागतो. कमावला असेल तर 1040-एनआर. नेहमीचा 1040 भरून मोकळे होणारे पुष्कळ, आणि तीच चूक. यासाठी परदेशी विद्यार्थ्यांच्या रिटर्नचे वेगळे प्रमाणपत्र घेतलेले स्वयंसेवक लागतात. त्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आपल्या मुलांच्या फार उपयोगाची आहे. अनिवासी व्यक्तीला प्रमाणित वजावट मिळत नाही, पण भारत आणि अमेरिका यांच्यातल्या 1989 च्या करकराराच्या एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला ती मिळते. 2024 साठी अविवाहित व्यक्तीची ही वजावट होती 14,600 डॉलर. शेजारी बसलेल्या चिनी मित्राला त्याच्या देशाच्या करारानुसार 5,000 डॉलरची सूट. कॅम्पसवरच्या नोकरीतून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे कापले गेले असतील, तर ते बहुधा चुकून कापलेले असतात आणि परत मागता येतात.

असे उपक्रम इतरत्रही आहेत. कॅनडात 1971 पासून, ऑस्ट्रेलियात 1988 पासून. भारतात 2006 मध्ये पदवीधरांना प्रशिक्षण देऊन रिटर्न भरून देणारे तयार करण्याची सरकारी योजना आली, पण ते काम माफक शुल्क घेऊन करायचे होते. आपल्याकडे गरिबाचे पैसे रिटर्नवर अडत नाहीत, अर्जावर अडतात. महाराष्ट्रात 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा गावोगावच्या अंगणवाडी सेविकांसमोर कागद घेऊन बायकांची जी गर्दी झाली, तिला व्हिटाच्या केंद्रातला कुणीही स्वयंसेवक लगेच ओळखेल.

15 एप्रिलनंतरही काही केंद्रे उघडी असतात आणि मागच्या वर्षांचे राहून गेलेले रिटर्न भरतात. रिफंड मागायला कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे. 2021 या करवर्षाचा रिटर्न न भरलेल्या सुमारे 11 लाख लोकांचे मिळून 1 अब्ज डॉलरहून अधिक रिफंड पडून असल्याचे आयआरएसने 2025 च्या सुरुवातीला जाहीर केले होते. ते मागण्याची शेवटची तारीख 15 एप्रिल 2025 होती. त्यानंतर ज्यांचे राहिले, त्यांचे पैसे सरकारी तिजोरीत जमा झाले.