यंत्र आले, अटी कोणाच्या?

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर बुटीबोरी, बोरखेडी मागे टाकून सिंदी (रेल्वे) स्थानकात थांबते. बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. सेलू तालुक्यातले हे नगर परिषदेचे गाव. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे, त्यामुळे कंसातला शब्द पत्ता चुकू देत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि तेव्हापासून हा टापू त्या रुळांच्या हिशेबाने जगत आला आहे. नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला. त्याचे मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, ते १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा वस्तीत हलवले, आणि आजचे वर्धा शहर उभे राहिले. त्याउलट हिंगणघाट ही कापसाची जुनी, नावाजलेली पेठ. मुख्य रूळ तिला बाजूला ठेवून गेला आणि फाट्यासाठी तिला आणखी काही वर्षे थांबावे लागले. कोणते गाव जवळचे आणि कोणते आडवळणाचे, हे पूर्वी नदी, घाट आणि बाजाराचा दिवस ठरवत. पुढे ते अभियंत्यांच्या नकाशावर ठरू लागले.

विज्ञान-तंत्रज्ञान माणसाचे आयुष्य घडवते, हे वाक्य अशा उदाहरणांनी सहज सिद्ध होते आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. मग उरतो तो शाळेतल्या निबंधाचा प्रश्न, शाप की वरदान. या प्रश्नाने काही हाती लागत नाही, असे माझे मत आहे. यंत्र एकटे येत नाही. ते कोणासाठी, कोणत्या दराने, कोणाच्या देखरेखीखाली, बिघडले तर कोणाच्या खर्चाने, अशा अटींची चळत घेऊन येते. आयुष्याला वळण लागते ते मुख्यतः या अटींमुळे. एकच यंत्र दोन वेगळ्या अटींवर दोन ठिकाणी नेले, तर दोन वेगळी आयुष्ये तयार होतात. याचा जवळजवळ प्रयोगशाळेत शोभावा असा पुरावा वर्धा जिल्ह्याच्या मुख्य पिकात, पऱ्हाटीत म्हणजे कापसातच आहे. पण आधी रेल्वेचा हिशेब पुरा करू.

हा रूळ इथे आला त्यामागे कापूस होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी रिव्हेट-कारनॅक हा खास कापूस आयुक्त नेमला गेला. मँचेस्टरला चालेल असा स्वच्छ कापूस इथून मिळवणे हे त्याचे काम. गंमत अशी की गाडी नागपूरला पोहोचेपर्यंत युद्ध संपून भाव कोसळले होते, पण रूळ तर पडले होते. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी वाढत गेली आणि शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल लिव्हरपूलच्या भावाशी बांधला गेला. इथे जाणकार वाचक हरकत घेईल की रेल्वेने भले केले त्याचे काय? हरकत रास्त आहे. डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञाने ब्रिटिश काळातल्या नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष असा की, ज्या जिल्ह्यात रेल्वे पोहोचली तिथले शेतीचे खरे उत्पन्न सरासरी १६ टक्क्यांनी वाढले. हा आकडा नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही. पण तो सरासरीचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मध्य प्रांतात रेल्वे होती, बाहेरून धान्य येऊ शकत होते, तरीही माणसे मोठ्या संख्येने मेली. शेतात काम नाही, म्हणून मजुरी नाही, म्हणून आलेले धान्य घेण्याची ऐपत नाही. गाडी पोते आणू शकते, ते विकत घेण्याचे पैसे आणू शकत नाही. ते काम दुष्काळी कामांच्या मजुरीचे होते, आणि ती किती द्यायची, केव्हा सुरू करायची हे सरकारी नियम ठरवत होते.

आता पऱ्हाटी. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. पहिले वाण जालन्याच्या महिको कंपनीचे होते. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक रोपात घातले की रोप स्वतःच अळीला विष होणारे प्रथिन बनवते, अशी ही युक्ती. चार वर्षांनी दोन जनुकांचे बियाणे आले. फायदा झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला खरोखर कमी झाल्या. देशाचे कापूस उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ मध्ये सुमारे ३९८ लाख गाठींवर गेले. यात वाढलेल्या क्षेत्राचा आणि गुजरातच्या सिंचनाचा वाटा होता, पण बियाण्याचाही होता. शेतकऱ्याने ते डोळे झाकून घेतले नाही. शेजारच्या वावरात पाहिले, मग घेतले.

या बियाण्याबरोबर एक अट आली होती. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळे. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे क्षेत्राच्या २० टक्के किंवा पाच ओळी, यांतले जे जास्त भरेल तेवढे. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. लाखो अळ्यांत एखादीच अशी असते की तिला हे विष बाधत नाही. सगळीकडे बीटीच असेल तर वाचलेल्या अळ्यांचे पतंग आपापसांतच जमतात आणि पुढची पिढी तशीच निपजते. शेजारी साध्या कापसावर वाढलेले भरपूर पतंग असतील तर जोड्या मिसळतात आणि पिल्ले पुन्हा विषाला बळी पडतात. म्हणजे थोडे पीक अळीच्या तोंडी देऊन बाकीचे वाचवायचे. पाच एकर कोरडवाहू जमीन आणि डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाने एक एकर अळीला द्यावा, ही अपेक्षा कागदावर होती; त्याची भरपाई कोणी देऊ केली नव्हती, आणि कारण समजावून सांगणारेही गावोगाव फिरले नव्हते. पुड्या बहुतेक ठिकाणी पडून राहिल्या. त्यात आपल्याकडे बीटी आले ते जवळपास पूर्णपणे संकरित वाणांत. बियाणे दर वर्षी विकत घ्यायचे, पीक लांब मुदतीचे, आणि पाणी असेल तर फरदड ठेवून आणखी एक-दोन वेचण्या काढायच्या. गुलाबी बोंडअळीला याहून चांगले घर मिळणे अवघड. गुजरातेत २००९-१० च्या सुमारास तिने पहिल्या जनुकाला दाद देणे थांबवले, पुढे दुसऱ्यालाही, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडे उघडली तेव्हा आत कवडी झालेली रुई होती.

हेच जनुक आणि हीच गुलाबी अळी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही होती. तिथे साध्या कापसाची पट्टी ठेवण्याची अट सुरुवातीपासून कसोशीने पाळली गेली, विद्यापीठांनी दर वर्षी अळीची तपासणी केली, नंतर विमानातून नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये त्या देशाच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियाने तर एका जनुकाचे बियाणे कापसाच्या सुमारे ३० टक्के क्षेत्रापलीकडे जाऊच दिले नाही. दोन जनुकांचे आल्यावरच मर्यादा सैल केली. तिथली मुख्य अळी वेगळी, शेते हजारो एकरांची आणि शेतकरी मूठभर, हे फरक आहेतच. पण माझा मुद्दा त्या फरकांतूनच निघतो. मोठ्या शेतासाठी सोयीची अट लहान शेतावर जशीच्या तशी आणून ठेवली, आणि ती मोडल्याचा दोष मात्र लहान शेतकऱ्याच्या माथी मारला. फवारणीच्या अटींचेही तेच झाले. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, दाट धुके सोडणारा बॅटरीचा पंप, आणि विदर्भातल्या उकाड्यात कोणीच अंगावर ठेवू शकणार नाही असा संरक्षक पोशाख. बाटलीवरचा लाल त्रिकोण ज्याने पाहायचा, त्या रोजंदारीवरच्या माणसाच्या हाती पुष्कळदा बाटली येतच नाही, कालवलेले पाणी येते.

वापरणाऱ्याच्या बाजूने अटी आधी लिहाव्यात आणि यंत्र त्यांत बसते का ते मग पाहावे, असे कोणी केले आहे का? केले आहे. १९२९ च्या जुलैमध्ये गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख! त्या जाहिरातीतल्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. यंत्र हलके आणि साध्या झोपडीत हाताने वा पायाने चालणारे हवे. बाईला फारसे न थकता आठ तास चालवता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. नीट निगा राखल्यास ते वीस वर्षे टिकावे. आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. साडेसात रुपये. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, असे सरसकट म्हणणाऱ्याने ही शेवटची अट पुन्हा वाचावी. यंत्राचा इतका बारीक विचार त्या काळच्या किती कारखानदारांनी केला असेल, याची मला शंका आहे. पुढे १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, चूल, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप यांवर याच पद्धतीने काम झाले. मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ ला झाले. ते आजही आहे.

यावर दोन टोले ठरलेले असतात. पहिला असा की, 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेला नावे ठेवणारा माणूस रेल्वेच्या जंक्शनजवळ राहायला आला आणि सेवाग्रामच्या कुटीशेजारी टेलिफोनही बसला. खरे आहे, पुढे तर वर्धा ईस्ट स्थानकाचेच नाव सेवाग्राम झाले. पण यातून ढोंग सिद्ध होत नाही. ज्याला यंत्र वापरूनही त्याला प्रश्न विचारता येतो, त्याचेच प्रश्न कामाचे असतात. दुसरा टोला अधिक जड आहे. ते एक लाख कोणालाच मिळाले नाहीत. अटी कडक ठेवल्या की शोध अडतो, असा त्याचा अर्थ लावता येईल, आणि तो मी अर्धा मान्य करतो. हाताने चालणाऱ्या यंत्राकडून गिरणीच्या जवळपासचे काम मागणे हे त्या काळच्या साधनांपलीकडचे होते. अटींचा आकडा चुकू शकतो. पण चुकलेली अट तपासता येते, बदलता येते, कारण ती उघड लिहिलेली असते. बीटीच्या पुडीवरची अट एकदा छापली आणि तिच्याकडे पंधरा वर्षे कोणी वळून पाहिले नाही. तोवर अळीने तिचा निकाल लावला होता.

तिसरी हरकत सर्वांत व्यवहारी आहे. सिंदीसारखे गाव अटी घालणार तरी कशाच्या जोरावर? समृद्धी महामार्ग याच भागातून जातो, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. पण शेताला लागून गेलेल्या त्या रस्त्यावर बैलबंडीला आणि दुचाकीला मज्जाव आहे, आणि चढायचे तर ठरलेल्या ठिकाणीच. हे कोणी सिंदीला विचारले नव्हते. बैलांची गोष्ट घ्या. ट्रॅक्टरने त्यांचे काम काढून घेतले, तरी सिंदीचा तान्हा पोळा, मुलांनी लाकडी नंदी मिरवण्याचा सण, विदर्भात नाव राखून आहे, आणि ते नंदी काही लहान झालेले नाहीत. त्यावरून संस्कृती टिकते असा दिलासा हवा तर घ्यावा. शेणखत मात्र लाकडी नंदी देत नाही. म्हणजे जिथे विचारले नाही तिथे गावाने आपल्यापुरती वाट काढली, एवढेच.

पण प्रत्येक वेळी तसे नसते. सिंदीजवळ ड्रायपोर्ट आणि मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्कचे काम हाती घेतले आहे. मुंबईच्या बंदरावर होणारी कंटेनरची कामे इथेच उरकावीत, रेल्वे आणि महामार्ग दोन्ही हाताशी असावेत, ही कल्पना. भूगोल पाहता ती चांगली आहे. १८६७ मध्ये रूळ पडले तेव्हा रिव्हेट-कारनॅकला कोणी हटकू शकत नव्हते. आज नगर परिषद आहे, बाजार समिती आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, कापसाच्या रोजच्या भावांच्या यादीत 'सिंदी (सेलू)' हे नाव आहे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच जिल्ह्यातली. त्या हळदीच्या एखाद्या गटाकडे अर्धाच कंटेनर माल असेल तर दुसऱ्या कोणाच्या मालाबरोबर तो भरून मिळेल का, त्याचा दर आधी फलकावर लागेल का, शीतगृहात लहान गटांसाठी काही जागा राखलेली असेल का, स्थानिक मुलांना क्रेनच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळेल की फक्त फाटकावरची नोकरी, या प्रश्नांची उत्तरे आज कागदावर मागता येतात. करार झाले आणि दरपत्रक छापले गेले की तेच प्रश्न तक्रारी म्हणून मांडावे लागतील, आणि तक्रारीला तारीख मिळते.