थांबून थांबून फिरणारा वायपर

रॉबर्ट कर्न्स विरुद्ध फोर्ड

शोधक : रॉबर्ट कर्न्स (१९२७–२००५). डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक. १९५३मध्ये शॅम्पेनचे बूच उडून डाव्या डोळ्याला गंभीर इजा. पापणीसारखा विराम घेणारा वायपर असावा, ही कल्पना पुढे त्यातूनच सुचली.

यंत्रणा : कपॅसिटर हळूहळू भारित होतो. ठरावीक पातळी गाठली की ट्रान्झिस्टर मोटर सुरू करतो. काचेवरून एक फेरी होते आणि पुन्हा विराम. रिमझिम पावसात हा विराम फार मोलाचा.

पेटंट : अर्ज १९६४, मंजुरी १९६७. कर्न्स यांनी फोर्डला यंत्रणा दाखवली होती. करार झाला नाही. १९६९पासून असे वायपर फोर्डच्या गाड्यांत आले.

वादाचा गाभा : सुटे भाग जुनेच, मग शोध कसला, हा कंपनीचा बचाव. जुन्या भागांची नवी जुळणी हाच शोध, हे कर्न्स यांचे म्हणणे.

निकाल
- फोर्ड : दावा १९७८, निकाल १९९०. ज्यूरीच्या मते पेटंटचा भंग झाला, पण तो हेतुपुरस्सर नव्हता. (हेतुपुरस्सर ठरला असता, तर भरपाई तिपटीपर्यंत वाढू शकली असती.) तडजोड सुमारे १ कोटी २ लाख डॉलरवर.
- क्रायस्लर (दुसरी मोटार कंपनी) : दावा १९८२, निकाल १९९२. इथे कर्न्स यांनी बहुतांशी स्वतःच आपला खटला चालवला आणि ते जिंकले. व्याजासह सुमारे ३ कोटी डॉलर.

उत्पादनावर बंदीची मागणीही त्यांनी केली होती. तोवर पेटंटची मुदत संपली होती. त्यामुळे ही मागणी फेटाळली गेली.