सिग्नल पडतो म्हणजे काय?

मालवणच्या मुलाला आगगाडी पाहावयाची झाली, तर अजूनही कुडाळ, सिंधुदुर्ग नाही तर कणकवली स्थानक गाठावे लागते. मालवणला रूळ नाहीत. म्हणूनच की काय, टेबलावर छोटी आगगाडी मांडण्याची हौस इकडच्या मुलांत आम्हांस पुष्कळ दिसते. रूळ जोडले, पुठ्ठ्याचे स्थानक उभे केले, जांभ्याच्या रंगाचा डोंगर करून त्यात बोगदा काढला, की शेवटी पाळी येते सिग्नलची. तो बहुधा असा असतो: एक खांब, त्यावर दोन दिवे, टेबलाच्या कडेला एक बटण. बटण दाबले की हिरवा, सोडले की लाल. पाहणारे टाळ्या वाजवितात. पण हा सिग्नल चालणारा नव्हे. तो फक्त पेटणारा आहे. या दोहोंत काय अंतर आहे, आणि खरोखर चालणारा सिग्नल घरच्या घरी कसा करता येतो, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्या बोलण्यातल्या एका शब्दापासून करू. गाडी येण्याची वेळ झाली, की फलाटावरची माणसे म्हणत, 'सिग्नल पडला, सामान उचला.' खांबावरचा लाकडी अथवा पत्र्याचा हात आडवा असला तर थांबा, आणि तो खाली झुकला तर या, अशी जुन्या सिग्नलची भाषा होती. हात खाली आला म्हणून 'पडला'. शब्द सोयीचा आहे, पण तो आपल्याला फसवितो. पडणे म्हणजे आपोआप खाली येणे. झाडावरचा नारळ पडतो, त्याला कोणी ओढावे लागत नाही. सिग्नलचा हात मात्र आपोआप कधीच पडत नसे. केबिनमधला माणूस खटका ओढी, शेकडो मीटर लांबीची तार ताणली जाई आणि मगच तो हात खाली येई. सोडला, की वजनाच्या भाराने तो पुन्हा आडवा. तार तुटली तरी आडवा. म्हणजे 'या' म्हणावयास माणसाचे बळ लागे, 'थांबा' मात्र यंत्र स्वतःहून म्हणे. सिग्नलच्या शास्त्राचा पाया एवढाच आहे, आणि तो समजला नाही तर दिवे कितीही सुंदर बसवा, ते व्यर्थ आहे.

हे शहाणपण रेल्वेला फुकट मिळालेले नाही. इंग्लंडात पूर्वी सिग्नल एरवी 'या' स्थितीतच ठेवीत आणि धोका असेल तेवढ्यापुरता आडवा करीत. २१ जानेवारी १८७६ रोजी ॲबट्स रिप्टन या ठिकाणी जोराचा बर्फ पडत होता. त्या काळी हात उतरला की खांबाच्या खाचेत जाऊन बसे. खाचेत बर्फ साचला, तारांवर साचला, आणि केबिनमधल्या माणसाने खटका मागे घेतला तरी हात खाचेतून बाहेर येईना. कोळशाच्या मालगाडीला मोकळा रस्ता दिसला, तिच्या मागून येणाऱ्या एक्स्प्रेसलाही दिसला, आणि एक्स्प्रेस तिच्यावर आदळली. त्या अपघातानंतर रीत उलटी झाली: सिग्नलची नित्याची अवस्था 'थांबा'.

आता आपला हाताचा सिग्नल करू. हौशी मंडळींत १:८७ हे प्रमाण रूढ आहे. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलेले आहेत. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिचे रूळ खरे म्हणजे १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक हवेत. एवढ्यासाठी कोणी झोप गमावू नये. आठ मीटरचा खांब या प्रमाणात सव्वानऊ सेंटीमीटर होतो, आणि एवढ्या लहान खांबावर वजनाचा खेळ नीट साधत नाही. म्हणून सिग्नलसाठी आम्ही प्रमाण दुप्पट धरतो: खांब १८ सेंटीमीटर, हात ३ सेंटीमीटर. खांब बांबूच्या कामटीचा चालतो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणारा कोणी ओळखीचा असेल, तर त्याच्याकडून करून घ्यावा, फारच देखणा होतो. हात डब्याच्या पत्र्याचा कापावा, लाल रंगवून टोकाजवळ पांढरा पट्टा द्यावा. ड्रायव्हरच्या नजरेने तो खांबाच्या डावीकडे असतो.

खिळ्यावर हात फिरता बसविताना उजवीकडे एक सेंटीमीटर पत्रा जास्त ठेवावा. त्यात एकाखाली एक दोन भोके पाडून वरच्यावर लाल व खालच्यावर हिरवा जिलेटिनचा कागद चिकटवावा; हा सिग्नलचा चष्मा. मागे एक लहान पांढरा दिवा पक्का बसवावा. हात आडवा असता दिव्यासमोर लाल भोक येते. हात खाली गेला की उजवी बाजू वर जाते आणि हिरवे भोक दिव्यासमोर येते. एक चमत्कारिक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. खऱ्या सिग्नलमधली ती काच हिरवी नसून निळसर असे. आत रॉकेलचा पिवळा दिवा. निळसर काचेतून तो पिवळा उजेड हिरवा दिसे.

आता वजन. मासेमारीच्या जाळ्याला शिशाचे मणी लावतात. त्यातला एक चष्म्याच्या बाजूला टांगावा, एक पुरला नाही तर दोन. हात आडव्याच्या वर जाऊ नये म्हणून एक टाचणी अडणीसारखी ठोकावी. हाताच्या डाव्या बाजूला, खिळ्यापासून थोड्या अंतरावर, तंगूस बांधून खांबाच्या पायथ्याच्या कडीतून टेबलाखाली न्यावा. तंगूस ओढला की सिग्नल 'पडतो'. आता तो कात्रीने कापा. हात वर जाऊन आडवा झाला, तर सिग्नल साधला. तिरपा लोंबत राहिला, तर शिसे वाढवा. बाजारातल्या दिमाखदार सिग्नलांपेक्षा हा पत्र्याचा सिग्नल आम्हांस अधिक खरा वाटतो, तो या कात्रीमुळे.

थोडे विषयांतर करतो. आम्ही ज्या कारखान्यांत फिरलो, तेथे पत्रा दाबणाऱ्या प्रेसला दोन बटणे असत, दोन हातांनी एकदम दाबावयाची. दोन्ही हात बटणांवर असले तर बोटे प्रेसखाली असणे शक्यच नाही, हा त्यातला हेतू. एके ठिकाणी एक बटण सुतळीने कायमचे बांधलेले आम्ही पाहिले, माल लवकर निघावा म्हणून. तेथे बोटे गेली तेव्हा कागदावर 'कामगाराची बेपर्वाई' अशी नोंद झाली. सुतळीची नोंद झाली नाही. यंत्र बिघडले असता कोणत्या बाजूला झुकते, हा प्रश्न आम्हांस खेळातही सुटत नाही, याचे कारण हे आहे.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी सलग सुरू झाली. तिच्यावर हात नाहीत, रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत. (पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालयही त्याच १९९८ सालचे. ज्याला मांडणी करावयाची आहे त्याने ते एकदा अवश्य पाहावे.) दिव्याला शिशाचे वजन लावता येत नाही. मग तो आपोआप लाल कसा व्हावा? याचे उत्तर अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली दिले, आणि ते इतके साधे आहे की ऐकणाऱ्याला वाटावे, हे आपल्यालाच का सुचले नाही.

रुळांचा एक भाग शेजारच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करावयाचा. त्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. वीज एका रुळावरून जाते, रिलेतून फिरते, दुसऱ्या रुळावरून परत येते. रिले ओढलेला राहतो आणि हिरवा दिवा पेटतो. गाडी त्या भागात शिरली, की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात. विजेला जवळचा रस्ता मिळतो, रिले उपाशी राहून सुटतो, आणि सुटलेला रिले लाल दिवा पेटवितो. बॅटरी संपली, तार निघाली, रूळच तुटला, तरी रिले सुटतो आणि दिवा लालच होतो. जाळ्याच्या शिशाचे काम येथे रिलेचे सुटणे करते. खऱ्या सिग्नलच्या रिलेत तर सुटणारा भाग गुरुत्वाकर्षणाने खाली यावा अशीच त्याची घडण असते.

घरी हे असे करावे. हातभर लांबीच्या रुळाला दोन्ही टोकांस फट पाडून तीत प्लॅस्टिकचा तुकडा बसवावा. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, ५ व्होल्टचा ७० ओहमचा साधा रिले, आणि वाटेत १०० ओहमचा, २ वॅटचा रोध. रोध विसरला तर गाडी रुळावर येताच ॲडॅप्टरच्या दोन टोकांत सरळ जोड होईल; रोध असला म्हणजे फक्त ०.१२ अँपिअर वाहते. रिलेचे दोन संपर्क असतात. ओढल्यावर जुळणारा संपर्क हिरव्या एलईडीला आणि सुटल्यावर जुळणारा लाल एलईडीला द्यावा, दोहोंच्या वाटेत हजार ओहमचा रोध. याउलट गाडी आली की रिले ओढला जाईल आणि ओढलेला रिले लाल पेटवील अशी सगळी जोडणी केली, तरी विजेच्या मदतीने लाल आणि विजेविना हिरवा असा सिग्नल होतो. तो टेबलावर महिनाभर बिनबोभाट चालेल, आणि पहिली तार निघेल त्या दिवशी खोटे बोलेल. बाजारातली इंजिने रुळांतूनच वीज घेतात, तेव्हा ती येथे चालणार नाहीत. इंजिनाच्या पोटात स्वतःची बॅटरी हवी आणि डब्यांची चाके व आस अखंड धातूची हवीत.

पुष्कळ मुले रुळाखाली चुंबकाने चालणारा रीड स्विच बसवितात आणि इंजिनाखाली चुंबक लावतात. सोपे आहे, स्वस्त आहे. आम्हांस ते पसंत नाही. स्विचला इंजिन गेलेले कळते, पण मागे सुटून राहिलेला डबा कळत नाही. रॉबिन्सनच्या युक्तीला तो एकटा डबाही कळतो. मात्र तिच्यातही एक दुबळी जागा आहे. रुळावर गंज अथवा धूळ चढली, तर चाक रुळाला विजेने जोडले जात नाही, आणि गाडी उभी असूनही दिवा हिरवा राहू शकतो. आपल्या खाऱ्या हवेत तर हे चार दिवसांत घडते. रूळ रोज पुसावे. खऱ्या रेल्वेवर पुष्कळ ठिकाणी आत गेलेले आणि बाहेर पडलेले आस मोजणारे ॲक्सल काउंटर वापरतात.

आता सांधा. कोकणातला मार्ग बहुतांश एकेरी असल्याने क्रॉसिंगसाठी गाडी बाजूच्या मार्गावर घेतात, हे त्या गाडीत बसून घामाघूम झालेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे असे होऊ नये म्हणून दोघांना एकमेकांत अडकवितात. जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली याचे पेटंट घेतले. टेबलाखाली हे दोन कामट्यांनी होते. सांध्याची कामटी एका दिशेने सरकते, सिग्नलची तिला काटकोनात. सांध्याच्या कामटीला एक खाच पाडावी. सांधा सरळ लागला असेल तेव्हाच ती खाच सिग्नलच्या कामटीसमोर येईल. एरवी कामटी लाकडावर अडेल आणि सिग्नल पडणारच नाही. एकदा ती खाचेत शिरली की सांधाही हलत नाही. बाजूच्या मार्गाच्या सिग्नलला दुसरी खाच. मुलांना आम्ही सांगतो, जोर लावून पाहा. दहा वर्षांचा मुलगा सगळा जोर लावतो आणि हात पडत नाही, तेव्हा त्याला जे कळते ते फळ्यावर लिहून कळत नाही.

आज ही अडवणूक कामट्यांनी नव्हे तर तारांनी आणि संगणकाने होते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा हिरवा दिवा मिळाला, सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या मालगाडीवर आदळली, तिचे डबे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीला लागले, आणि २९० हून अधिक माणसे गेली. पहिल्या दिवशी लोक ड्रायव्हरचे नाव घेत होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने दोष दाखविला तो सिग्नलच्या तारजोडणीतल्या फेरबदलांत. त्या दिवशी जवळच्या फाटकाचे काम चालू होते. खाच होती, पण तारेने तिला वळसा घातला गेला. ड्रायव्हरने जे दिसले ते मानले. मानणे हेच त्याचे काम.

म्हणून दिव्यासमोरच्या माणसाचाही विचार करावा लागतो. १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपाच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता, तो उगीच नव्हे. चौदा तास जागलेल्या डोळ्यांना लाल दिवा दिसतो, पण उशिरा उमगतो. त्या संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस पुढे रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, १९९० साली, कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले, हे आमच्या जुन्या मंडळींना अजून कौतुकाने सांगावेसे वाटते.

मांडणी पुरी झाली, की ती तपासण्याची आमची रीत अशी. घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती कात्री द्यावी आणि ॲडॅप्टरच्या पुढची कोणतीही एक तार त्याला कापू द्यावी. दिवा लाल झाला, तर तार जोडून दुसरी कापावी. लाल दिव्याचीच तार कापली गेली तर सिग्नल काळोखा होईल. त्यासाठी रेल्वेचा नियम आहे, की विझलेला सिग्नल हा लालच समजावयाचा. खऱ्या मार्गावर तर पुढच्या सिग्नलचा लाल दिवा गेला, की मागचा सिग्नल स्वतः लाल होतो. ती जोडणी आमच्या टेबलावर अजून व्हावयाची आहे. एलईडीतून वाहते ती वीज साधा रिले ओढण्यास पुरत नाही, म्हणून तेथे मोटारसायकलच्या मीटरमधला लहान बल्ब लावून पाहण्याचा आमचा विचार चालू आहे.