पत्राचा काल आणि कागदाची कड

जुन्या मराठी दप्तरांतील पुष्कळ पत्रांवर मिति असते, पण वर्ष नसतें. लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच असे. संशोधकाची मात्र तेथेंच अडचण होते. कारण वर्ष चुकलें कीं कार्यकारणाचा क्रमच उलटतो. म्हणून काल ठरविण्याच्या मुख्य साधनांचें येथें थोडक्यांत दिग्दर्शन करितों.

पहिलें साधन सुहूर सन. हा अरबी शब्दांनीं, एकं स्थानापासून चढत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. सूर्य मृगनक्षत्रीं जातो तेव्हां हा सन बदलतो. सबब मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. पानिपतचा संग्राम याच सनांत, पौष शुद्ध ८, बुधवार, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. तेथें ५९९ मिळविणारा एका वर्षानें चुकेल. शिवाय या सनाबरोबर चंद्र व महिना मुसलमानी असतो. तेवढ्यावरून सन हिजरी समजूं नये. त्या दिवशीं हिजरी सन ११७४ होता.

दुसरें साधन राज्याभिषेक शक. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ पासून तो सुरू झाला व त्याचें वर्ष त्याच तिथीस पालटतें, चैत्रांत नव्हे. त्यापूर्वीच्या म्हणविणाऱ्या कागदावर हा शक आढळल्यास तो कागद संशयास्पद मानावा.

तिसरी गोष्ट परकीय कागदांची. इंग्रजांची जुनी गणना १७५२ पर्यंत चालू होती. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांतच नवी स्वीकारली. सतराव्या शतकांत या दोहोंत १० दिवसांचें अंतर पडे. राज्याभिषेकाचा जो दिवस इंग्रजांचा ६ जून १६७४, तोच गोव्याच्या पोर्तुगीजांचा १६ जून. हें न जाणल्यास एकाच घटनेच्या दोन घटना होतात.

वर्ष मुळींच नसेल, पण तिथीबरोबर वार असेल, तर संभाव्य वर्षांच्या जंत्र्या पाहाव्या. तीच तिथि दरवर्षीं त्याच वारीं येत नाहीं. त्यामुळें बरींच वर्षें आपोआप गळतात. उरलेल्यांचा निकाल मजकुरांतील स्वाऱ्या, मृत्यु व नेमणुका यांवरून लावावा.

परंतु सर्वांत भरंवशाचा पुरावा पुष्कळदां मजकुराबाहेर असतो. पत्र पोंचल्यावर कारकून त्यावर ‘पैवस्ती’, म्हणजे पोंचल्याची मिति, नोंदवी. पत्रांत नसलेलें वर्ष कित्येकदां या नोंदींत मिळतें. अक्षर निराळें व जागा कडेची किंवा पाठीची, म्हणून नकलकार ती नोंद सोडतात. कागद नीटनेटका दिसावा म्हणून कड कातरणें किंवा पाठ दुसऱ्या कागदावर चिकटविणें म्हणजे तो पुरावा स्वहस्तें नाहींसा करणें होय.

याकरितां संग्राहकांस विनंति कीं, कड कातरूं नये, पाठ झांकूं नये, नक्कल दोन्ही बाजूंची करावी आणि रुमालांत कागद ज्या क्रमानें सांपडला तो क्रम टिपून ठेवावा. वाचन चुकल्यास पुढील अभ्यासक तें सुधारील. कातरलेली कड मात्र कोणासही परत आणतां येणार नाहीं.