‘तुघलकी’ या विशेषणाविषयी

गेवराई तालुक्यातील उमापूर येथे एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या तोंडून मी ‘हा तर तुघलकी फतवा झाला’ हे वाक्य ऐकले. प्रसंग कुठल्याशा कार्यालयाच्या नव्या आदेशाचा होता. त्याच आठवड्यात एका इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखात हेच विशेषण, रोमन लिपीत, ‘फर्मान’ या शब्दासह वाचावयास मिळाले. निरक्षर शेतकरी आणि इंग्रजी अग्रलेखकार यांना एकाच अर्थाने वापरता यावा असा शब्द भाषेत क्वचितच आढळतो. या शब्दाने ज्याची ओळख उरली आहे, त्या महंमद बिन तुघलकाविषयी (राज्यकाल १३२५ ते १३५१) तो काय सांगतो व काय झाकतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम नावाचाच घोटाळा लक्षात घ्यावा. ‘बिन’ म्हणजे ‘चा पुत्र’. तुघलक हे महंमदाचे नाव नव्हे. ते त्याच्या पित्याचे, गियासुद्दीनाचे, व्यक्तिनाम होय. अमीर खुस्रोचे ‘तुघलकनामा’ हे काव्य या पित्याविषयी आहे, पुत्राविषयी नाही. पुढे इतिहासलेखकांनी पित्याचे नाव घराण्यास लावले आणि इंग्रजी लेखनात, शेवटचा शब्द तो आडनाव या तेथील रूढीस अनुसरून, ते महंमदाचे जणू आडनाव झाले. वस्तुतः घराण्याचेच नाव घ्यावयाचे तर कालवे खोदणारा फिरोजशाहही तुघलकच. परंतु त्याच्या कारभारास कोणी ‘तुघलकी’ म्हणत नाही. नाव बापाचे आणि अपकीर्ती लेकाची, असा हा प्रकार आहे. इंग्रजीत याचे वर्णलेखनही दुहेरी आहे. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्याने दुसऱ्या अक्षराचा उच्चार वाचकावर सोपविलेला असतो. संशोधक तेथे उकार देतात, वृत्तपत्रे अकार. मराठीने अकार पत्करला. त्यामुळे इंग्रजीत उकाराचा तुघलक ग्रंथालयात राहतो आणि अकाराचा रस्त्यावर, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रत्ययाचा विचारही उद्बोधक आहे. ‘निजामशाही’, ‘आदिलशाही’ ही राजवटीची नावे. ‘नादिरशाही’ हे जुलमाचे. ‘तुघलकशाही’ असाही प्रयोग होतो, पण रुळला तो ‘ई’ प्रत्ययाचा गुणवाचक शब्द. तो कारभार, निर्णय, फर्मान, फतवा यांनाच चिकटतो. ‘तुघलकी विद्वत्ता’ असे आपण म्हणत नाही. वास्तविक तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान व वैद्यक यांतील त्याची गती विरोधकांनीही नाकारलेली नाही.

हा अर्थ कोठून आला? बरनीने आपला इतिहास १३५७ मध्ये, फिरोजशाहाच्या काळात, पूर्ण केला. तो महंमदाचा दरबारी होता आणि त्याच्या लेखनात कौतुक व संताप एकत्र नांदतात. इसामीचा रोष अधिक वैयक्तिक आहे. दिल्लीहून दौलताबादेस निघालेल्या लोकांत तो होता, आणि त्याचे वृद्ध आजोबा वाटेतच वारले. त्याने आपले काव्य १३५० मध्ये बहमनी सुलतानाच्या, म्हणजे महंमदाविरुद्ध उठून स्वतंत्र झालेल्या सत्तेच्या, आश्रयाने पुरे केले. विजापूरच्या दरबारातील फिरिश्त्याने या सामग्रीतून सतराव्या शतकाच्या आरंभी आपला ग्रंथ रचला. ब्रिग्जने १८२९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, आणि मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनने १८४१ च्या इतिहासात सुलतानाच्या बुद्धिभ्रंशाची शंका घेतली. शालेय इतिहासातील ‘वेडा महंमद’ याच वाटेने आपल्याकडे आला असावा, असे मला वाटते.

आता नाणेप्रकरण पाहू, कारण येथे शब्दाने वस्तुस्थितीवर सरळ मात केली आहे. १३२९-३० च्या सुमारास महंमदाने चांदीच्या टंक्याच्या मोलाची तांब्या-पितळेची नाणी चालविली. कल्पना निराधार नव्हती. चीनमध्ये कुब्लाई खानाच्या कागदी चलनाचा दाखला होता. इराणात गैखातूने १२९४ मध्ये तसाच प्रयत्न केला व तो फसला, हाही दाखला होता. महंमदाची नाणी सहज नक्कल करता येण्याजोगी होती. घरोघर टांकसाळी झाल्याची बरनीची तक्रार आहे. प्रयोग दोन-तीन वर्षांत मागे घ्यावा लागला. मात्र मागे घेताना लोकांनी आणलेल्या तांब्याच्या मोबदल्यात खजिन्यातून सोने-चांदी देण्यात आली, हे तोच बरनी नोंदवितो. २०१६ च्या नोटाबंदीनंतर मराठी-इंग्रजी वृत्तपत्रांत ‘तुघलकी’ची पुनःपुन्हा आठवण निघाली. नोटाबंदीचे गुणदोष काहीही असोत, तुलना उलटी होती. महंमदाचा फसलेला निर्णय नवे चलन आणण्याचा होता, जुने रद्द करण्याचा नव्हे. दुष्काळानंतर विहिरी व लागवडीसाठी त्याने दिलेली कर्जे, आपल्याकडील तगाईच म्हणा ना, आणि शेतीसुधारणेसाठी काढलेले स्वतंत्र खाते हेही या शब्दात कोठे उरलेले नाही. अर्थात दुआबातील करवाढ, क्रूर शिक्षा आणि दौलताबादच्या वाटेवरचे हाल यांनी हा शब्द कमावलेला आहे, हेही विसरता येत नाही. इसामीचे आजोबा काल्पनिक नव्हते.

साहित्याने या शब्दाला एकदा उलटे फिरविले. गिरीश कार्नाड यांचे कन्नड ‘तुघलक’ १९६४ चे. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले व कार्नाडांनी स्वतः इंग्रजीत. या नाटकातील महंमद वेडा नाही. तो फार पुढचे पाहतो आणि म्हणूनच एकटा पडतो. साठीच्या दशकातील प्रेक्षकांना त्यात नेहरूयुगाचा भ्रमनिरास दिसला. याउलट चो रामस्वामी यांनी १९६८ च्या तमिळ नाटकात व १९७० मध्ये काढलेल्या ‘तुघलक’ नियतकालिकात रूढ, उपहासाचा अर्थच धारदार केला. पदव्युत्तर वर्गात कार्नाडांचे नाटक शिकविताना विद्यार्थी ‘तुघलकी’ हा अर्थ मनात धरून येतात. पहिल्या प्रवेशात न्यायालयासमोर प्रतिवादी म्हणून उभा राहणारा सुलतान भेटला की ते अडखळतात. तेथेच थांबून त्यांना हा शब्द तपासावयास सांगावे.

बीडच्या विद्यार्थ्यांना तर त्यासाठी दूर जावयास नको. वरंगळकडून परतताना सुलतानाचा एक दात बीडजवळ पडला, तो त्याने समारंभपूर्वक पुरविला व त्यावर कबर बांधविली, असे फिरिश्ता सांगतो. ब्रिग्जच्या इंग्रजीत ही वास्तू सुलतानाच्या अहंतेचे व मूर्खपणाचे स्मारक ठरली आहे. बीडच्या दक्षिणेस करजणी गावाजवळ दाताची कबर म्हणून दाखविली जाणारी ती इमारत अजून उभी आहे.