अठरा तास

फेब्रुवारी २०१८. नोएडाच्या आमच्या घरी पुतण्या मालदीवला जायची बॅग भरत होता. आठवडाभर स्कूबा डायव्हिंग. ५ तारखेला तिथे आणीबाणी जाहीर झाली. "काका, गडबड मालेत आहे. आम्ही दूरच्या बेटावर असणार," तो म्हणाला. अगदीच चूक नव्हतं ते. पण आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने मालेसह इतर बेटांवरचाही अनावश्यक प्रवास टाळायला सांगितलं.

मी नकाशा उघडला. विमानतळ हुलहुले बेटावर, मालेपासून वेगळा. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून निघालेले आपले छत्रीसैनिक तिथेच उतरू शकले, कारण ती धावपट्टी बंडखोरांच्या हाती पडली नव्हती. ती बंद झाली तर बाहेर पडायचं कसं, हे मी त्याला विचारलं.

त्यात पाणबुड्याची अडचण निराळी. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो निघून जाण्याआधी विमानात बसलं, तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, पाय लुळेही पडू शकतात. म्हणून रोज बुड्या मारणाऱ्याने शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास उडायचं नाही. बाकीचे पर्यटक मिळेल ते विमान पकडतील, हा मात्र किनाऱ्यावर घड्याळ बघत बसणार.

त्याने बेत रद्द केला. आगाऊ भरलेले पैसे बुडाले, महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. २२ मार्चला आणीबाणी उठली. गेला असता तर बहुधा सुखरूप परतला असता, हे मी त्याच्यापाशी कबूल केलं.